सीट पूर्ण उघडावी लागेल

सोफे दुरुस्त करणाऱ्याला देवाने दोनच हात दिले, ही मामाची जुनी तक्रार. एका हाताने कापड ताणून धरायचं, दुसऱ्यात हातोडी. मग खिळे धरायचे कुणी? म्हणून मामा ते तोंडात धरायचा. मूठभर बारीक खिळे गालात टाकायचे, जिभेने एकेक वळवून टोपीच्या बाजूने ओठांत आणायचा, हातोडीचं लोहचुंबकाचं नाक ओठांपाशी न्यायचं, की खिळा टुणकन उडी मारून चिकटलाच. ठक. पुढचा. ठक. बघणाऱ्याच्या डोळ्याचं पातं लवेपर्यंत अख्खी कड ठोकून व्हायची.

खिळे संपले की सिगारेट. सिगारेट संपली की खिळे. असं त्याचं तोंड सकाळपासून संध्याकाळपर्यंत कामात असल्यामुळे बोलण्याचं खातं त्याने नाकाकडे सोपवलेलं होतं. मामा बोलायचा ते ‘हं’ एवढंच.

पण त्या ‘हं’मध्ये प्रकार होते. आखूड, तुटकं हं म्हणजे हो. लांबवलेलं, खाली उतरणारं हं म्हणजे नाही. शेवटी वर चढणारं हं म्हणजे चहा झाला का. आणि मान खाली ठेवून, डोळे न उचलता नाकातल्या नाकात काढलेलं हं म्हणजे ‘ताई, तुझं खरं आहे, पण ते मी कबूल करीन असं वाटत असेल तर विसर.’ ताई, म्हणजे त्याची मोठी बहीण, पडद्याआड शिलाई मशीनवर सोफ्यांची कव्हरं शिवायची आणि गिऱ्हाईक आलं की तिथूनच भाषांतर करायची. “हो म्हणतोय तो. न्या सोमवारी.” गिऱ्हाइकांनाही सवय झाली होती. दुकान खाली, राहायच्या दोन खोल्या वर, आणि या सगळ्यात वाजायला ताईची मुलगी.

तिला सगळे पिपाणी म्हणायचे. गंमत म्हणजे हे नाव जुनं नव्हतं. आत्ताआत्तापर्यंत पाहुणे आले की ती दाराआड उभी राहायची आणि नाव विचारलं की आईकडे बघायची. मग शाळेत कुणीतरी आजारी पडलं, वादविवादात ऐनवेळी हिला उभं केलं, हिला बक्षीस मिळालं, आणि झालं. आतून झाकण उडालं. आता ती दूधवाल्याशी वाद घालायची, घड्याळाशी घालायची, आणि कुणी नाही मिळालं तर स्वतःच दोन्ही बाजू घ्यायची. सराव मामासमोर. त्याच्याइतका चांगला श्रोता शोधूनही मिळाला नसता, कारण तोंडात खिळे असलेला माणूस मध्येच बोलत नाही.

अशाच एका सरावात ती एकदम थांबली.

“मामा, तू डावखुऱ्या तोंडाचा कधी झालास?”

“हं?”

“खिळे डावीकडून येतायत. तू नेहमी उजव्या गालात ठेवतोस.”

मामाने डोळे न उचलता नाकातलं हं काढलं. पडद्याआड मशीन थांबलं.

आता इथे या धंद्यातल्या लोकांची एक समजूत सांगायला हवी. खिळे तोंडात धरणाऱ्याच्या जिभेला कधी ना कधी टोचतंच. त्यावर त्यांचा उपाय एकच, गाल बदलायचा. दुसऱ्या गालातून काम करायचं, तोवर पहिला बरा होतो. मामाला हे त्याच्या उस्तादाने शिकवलं होतं आणि उस्तादाला त्याच्या. त्यामुळे जिभेच्या उजव्या कडेला ते खरखरीत, दुखरं काहीतरी झालं तेव्हा मामाने शहाण्यासारखा गाल बदलला आणि वाट बघितली. डाव्या गालाची सवय होऊन गेली, उजव्याची आठवणही पुसट झाली, पण ती जागा काही बरी होईना. मग मामाने आणखी शहाण्यासारखं ठरवलं की खिळा जरा मोठाच टोचला असणार.

“आ कर,” ताई बाहेर येऊन म्हणाली.

“हं.”

“लांबवू नकोस. आ कर.”

तिने बघितलं. मग वर गेली आणि चप्पल घालून खाली आली.

*

घशाच्या डॉक्टर तरुण होत्या आणि त्यांचे हात गार होते. त्यांनी जिभेचा कणभर तुकडा काढून तपासायला पाठवला आणि पुढच्या खेपेला तिघांना समोर बसवून सरळ सांगितलं. कॅन्सर आहे. लहान आहे. आणि खिळ्यांनी झालेला नाही, सिगारेटींनी झालेला आहे.

मामाला आधी काय वाटलं असेल तर थोडा अपमान. खिळ्याने झालं असतं तर निदान कामावर झालं म्हणता आलं असतं. सिगारेटचं म्हणजे खाई त्याला खवखवे, एवढंच. शिवाय ताईने मान वळवून त्याच्याकडे नुसतं बघितलं. ती बोलली असती तर बरं झालं असतं.

“ऑपरेशन करून जिभेची ती कड काढू,” डॉक्टर म्हणाल्या. “पण त्याआधी एक दिवस तुम्हाला भूल देऊन, दुर्बीण घालून सगळा घसा बघायचाय मला. जिभेच्या मुळापासून खाली, आवाजाच्या पेटीभोवती, पार अन्ननलिकेपर्यंत.”

मामाच्या तोंडात त्या दिवशी काहीच नव्हतं, त्यामुळे शब्द आले. “सापडलाय ना एक?”

“सापडलाय.”

“मग तो काढा.”

डॉक्टर रागावल्या नाहीत. “धूर काही एका जागी जाऊन बसत नाही,” त्या म्हणाल्या. “तोंडापासून खालपर्यंतचं सगळं अस्तर त्याच धुरात राहिलंय. एकीकडे बिघडलं तसं दुसरीकडेही बिघडलेलं असू शकतं. पहिल्यातून पसरलेलं नव्हे. दुसरा, वेगळाच, आपला आपण उगवलेला. बहुतेकांच्यात निघत नाही. काहींच्यात निघतो. आणि निघाला तर उपचाराचा सगळा बेतच बदलतो, म्हणून आधी बघायचं.” मग कागदावर काहीतरी लिहिता लिहिता त्यांनी विचारलं, “गिळताना त्रास होतो? कानात कळ वगैरे?”

“हंऽऽ,” मामा म्हणाला. लांबवलेलं, खाली उतरणारं.

डॉक्टरांनी वर बघितलं. “म्हणजे?”

“नाही म्हणतोय,” ताईने सवयीने सांगितलं.

पिपाणी मात्र मामाकडे बघत राहिली. मामाने भिंतीवरच्या कानाच्या चित्राकडे बघितलं, आणि मग तेही चित्र गैरसोयीचं वाटून खिडकीकडे.

कारण कळ येत होती. उजव्या कानात, गिळलं की, आतून कुणीतरी सुई ओढून घ्यावी तशी. आज-काल नव्हे, बऱ्याच दिवसांपासून. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं, डॉक्टर ‘दुसरा’ म्हणाल्या तेव्हाच मामाच्या मनात तो कान उजळून निघाला होता. पण एका कॅन्सरला त्याने आत्ताच कुठे मनात जागा करून दिली होती. जेमतेम एका खुर्चीची. उठवून, सरकवून, कशीबशी. त्यात दुसरा आला तर त्याला बसवायचं कुठे? आणि डॉक्टरांनी दुसरा बघून म्हटलं, आता पहिलाही राहू दे, उपयोग नाही, तर? बघितलंच नाही तर कुणी असं म्हणणार नाही.

“मला नको ते,” तो म्हणाला. “जीभ काढायची तेवढी काढा.”

“बळजबरी मी करणार नाही,” डॉक्टर म्हणाल्या. “पण अर्धं बघून कापायला मला आवडत नाही. पुढच्या आठवड्यात या. तोवर विचार करा. सिगारेट बंद, आणि खिळेही तोंडात नकोत.”

*

घरी आल्यावर ताईने दुकानभर सिगारेटी शोधल्या. खणातली पाकिटं तिने टाकली. पत्र्याच्या डब्यातली टाकली. नमुन्याच्या सोफ्याच्या हातात, जिथे गिऱ्हाईक विश्वासाने कोपर टेकायचं, तिथे आतून शिवलेला खिसा मात्र पिपाणीने शोधला.

“टाका बघ किती सुबक घातलाय,” तिने आईला दाखवलं. “गिऱ्हाइकांच्या कामात इतकं मन नाही लावत.”

मामाने हसूनही दाखवलं नाही.

त्या आठवड्यात पिपाणीने त्याच्यापुढे तीन वेगवेगळी भाषणं केली. एक मुद्द्यांचं, एक भावनेचं, आणि एक ज्यात ती मध्येच डॉक्टर व्हायची आणि मध्येच मामाची जीभ. पालथ्या घड्यावर पाणी. मामा कापड कापत राहिला.

“वाजून झालं?” तो शेवटी म्हणाला.

“तू ऐकलंस का?”

“रस्त्यापलीकडच्यांनीही ऐकलं.”

ताईचं निराळं. ती मशीनवर राग शिवत होती. एरवी तिचा टाका इतका समान की फूटपट्टीने मोजावा. त्या आठवड्यात कव्हरांच्या कडा घट्ट आवळून सुरकुतल्या, आणि तिने त्या उसवून पुन्हा तशाच शिवल्या. रात्री ताटं वाढताना एकदाच म्हणाली, “लहानपणी विहिरीत वाकून बघायला घाबरायचास. मी म्हणायचे, बघ, पाणीच आहे. तरी नाही बघितलंस कधी.”

मामाने घास गिळला. गिळताना मान किंचित उजवीकडे झुकवली, कान खांद्याजवळ नेला, की कळ जरा कमी लागायची. ही युक्ती त्याला परवाच सापडली होती आणि तिचा त्याला अभिमान होता. जेवणानंतर चहातही त्याने तीच वापरली. कप ओठाला, मान तिरकी, डोळे मिटलेले.

“मामा,” समोरून पिपाणी म्हणाली, “तू चहा पितोयस की चहाचं ऐकतोयस?”

ताई हसली. त्या आठवड्यात पहिल्यांदा. मामाने कप खाली ठेवला आणि मान सरळ करून बसला, शाळेत पकडलेल्या मुलासारखा.

*

दुसऱ्या दिवशी समोरची पार्लरवाली तिचा सोफा घेऊन आली. म्हणजे सोफा दोघांनी उचलून आणला आणि ती मागून सूचना देत आली. केस कापायला आलेल्या बायका नंबर लागेपर्यंत त्यावर बसायच्या, आणि डाव्या बाजूला बसलेली प्रत्येक बाई उठताना मागे हात लावायची.

“एक स्प्रिंग वर आलीय,” पार्लरवाली म्हणाली. “टोचते. एवढी एक बदला नि द्या संध्याकाळपर्यंत.”

खिळे आता वाटीत होते. पिपाणीने वाटी आणून ठेवली होती, आणि प्रत्येक खिळ्याला वाकायला लागत असल्यामुळे मामाचं काम निम्म्यावर आलं होतं. पण त्याचा आणखी एक परिणाम झाला होता. रिकाम्या तोंडातून शब्द गळत होते.

“सीट पूर्ण उघडावी लागेल,” मामा म्हणाला.

पार्लरवालीने एक पाऊल मागे घेतलं. “अहो मामा, तुम्हाला आवाज आहे? इतकी वर्षं मला वाटायचं, तो खिळ्यांचा डबाच आहे नि वरती मिशी.”

“पूर्ण उघडावी लागेल.”

“कशाला? मोडलीय एक. दिसतेय एक. हात लावा, हीच बघा. एक बदलायची.”

“असं नाही करत मी.”

“माझ्याकडे कुणी नुसती बट कापायला आली तर मी तिचं टक्कल नाही करत, मामा.”

कोपऱ्यात स्टुलावर गृहपाठ करत बसलेली पिपाणी वहीतून मान वर न करता म्हणाली, “काकूंचं बरोबर आहे, मामा. सापडलीय ना एक? मग ती काढ.”

मामा वळला. शब्द त्याचेच होते, चालही त्याचीच. पण वहीवर पेन्सिल अशी निष्पापपणे चालली होती की काही म्हणायची सोय नव्हती. मग त्याने तो सगळा राग पार्लरवालीवर काढला, आणि त्याच्या आयुष्यातलं सगळ्यात लांब भाषण केलं.

“हे बघा. तुमच्या बायका काय सगळ्या या एकाच स्प्रिंगवर येऊन बसतात? नाही ना? सरकतात, मुलं मांडीवर घेतात, त्यांची मुलं वर उड्या मारतात. भार सगळ्यांवर आला. वर्षानुवर्षं. ही मोडली आणि ओरडली, म्हणून तुम्हाला कळली. बाकीच्या ओरडत नाहीत म्हणून धड आहेत, हे कुणी सांगितलं? मी एक बदलायची, वरून कापड ठोकायचं, छान दिसेल. महिन्याने पलीकडची जाईल. मग तुम्ही अख्ख्या रस्त्याला सांगाल, मामाने काम केलं ते वरवरचं. एकीने मान टाकली की मी सगळ्या बघतो. माझ्या उस्तादाने तसंच शिकवलंय, नि मी दुसरं करणार नाही.”

पडद्याआडचं मशीन थांबलेलं होतं.

“उघडा बाई, उघडा,” पार्लरवाली म्हणाली. “तुमचा घसा बसायचा.”

मामा कामाला लागला. कडेचे खिळे उपटले, कापड मागे टाकलं, काथ्या उचलला, गोणपाट सोडलं, आणि खाली सुतळीने एकमेकींना बांधलेल्या स्प्रिंगा उघड्या झाल्या. मोडकी डावीकडे वाकडी उभी होती. मामाने तिला हातही लावला नाही. पलीकडच्या टोकापासून सुरुवात करून एकेकीवर तळवा ठेवला, डोळे मिटले, दाबलं, सोडलं. कुरकुरते का, लंगडते का, परत येताना उशीर करते का. पुढची. पुढची. पार्लरवाली कंबरेवर हात ठेवून बघत होती. शेवटची झाल्यावर मामाने डोळे उघडले.

“काय निघालं?”

“काही नाही.”

“काही नाही?”

“सगळ्या धड आहेत.”

पार्लरवालीचा चेहरा असा फुलला की बघत राहावं. “म्हणजे मी म्हणत होते तेच. एकच. एवढा पसारा मांडून तुम्हाला मिळालं काय?”

मामा नवी स्प्रिंग सुतळीला गाठत होता. गाठ दातांत धरायची सवय होती, ती आवरून त्याने बोटांनीच ओढली. “मघाशी नुसतं वाटत होतं, धड असतील,” तो म्हणाला. “आता माहीत आहे.”

वाक्य तोंडातून गेलं, आणि मग त्याच्याच कानात, त्याच दुखऱ्या कानात, परत आलं.

आता पिपाणी वाजणार. त्याने न बघताही ओळखलं होतं. मुद्दा आयता हातात आला होता, नुसता उचलायचा. बक्षीस मिळवलेल्या मुलीला याहून अधिक काय लागतं. त्याने मान किंचित खाली घातली, जशी तोंडावर पाणी येणार हे कळल्यावर माणूस घालतो.

पिपाणीने तोंड उघडलंही होतं. मामाने वर बघितलं तेव्हा ते उघडंच होतं. तिने त्याच्याकडे बघितलं, त्याच्या हातातल्या सुतळीकडे बघितलं, आणि तोंड मिटलं. मग वहीवर वाकून ती म्हणाली,

“हं.”

आखूड. तुटकं. मामाचंच, घरात रुळलेलं, हो.

भाषण असतं तर मामाने परतवलं असतं. हे अक्षर त्याचंच होतं. आपल्याच दुकानातला माल आपल्यालाच कुणी विकावा आणि आपण घ्यावा, तसं झालं. त्याने आवंढा गिळला. सुई ओढली गेली.

“ताई,” तो पडद्याकडे बघून म्हणाला. “माझा कान दुखतो.”

पडदा बाजूला झाला. “कधी?”

“गिळताना.”

“कधीपासून, विचारतेय मी.”

मामाने सुतळीची गाठ पुन्हा एकदा तपासली, जी धड होती. “गाल बदलला, त्याच्या आधीपासून.”

ताईने हातातली कात्री टेबलावर ठेवली. आपटली असती तर सोपं होतं; तिने ती हळूच ठेवली, दोन्ही पाती मिटवून.

“कान दुखत असेल तर कानाच्या डॉक्टरला दाखवा,” पार्लरवाली म्हणाली, जिला यातलं काहीच माहीत नव्हतं. “त्यात एवढं काय?”

“जाऊ द्या, काकू,” पिपाणी म्हणाली. “त्यालाही बट कापायला गेल्यावर टक्कल करून घ्यायचंय.”

*

“मागच्या खेपेला मी हेच विचारलं होतं,” डॉक्टर म्हणाल्या.

“माझं भाषांतर चुकलं,” ताई म्हणाली.

“तिचं बरोबर होतं,” मामा म्हणाला. “मीच खोटं बोललो.”

डॉक्टरांनी सांगितलं की कान बिचारा ठणठणीत आहे. घसा आणि कान यांची एक नस सामाईक असते, त्यामुळे खालची तक्रार वर वाजते. मग त्यांनी दिवस ठरवला, भूल दिली, आणि मामाची सीट पूर्ण उघडून बघितली.

त्याच्यात मात्र निघाला.

आवाजाच्या पेटीच्या बाजूला एक खाच असते, तिथे, उजवीकडे, खोल. डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून दाखवलं. जिभेच्या कडेला एक टिंब, खाली खाचेत दुसरं, आणि दोन्हींच्या मध्ये काहीच नाही, कोरा कागद.

“याचाच तो का?” ताईने विचारलं. “पसरलाय?”

“नाही. दोन्हींचा एकमेकांशी संबंध नाही. दोघं आपापले आलेत, एकाच वेळी. धूर तेवढा एकच.” त्यांनी पेन खालच्या टिंबावर ठेवलं. “नुसती जीभ कापून घरी पाठवलं असतं, तर हा तिथे वाढत बसला असता आणि मी जखमेचं दुखणं समजून गोळ्या देत राहिले असते. आत्ता लहान आहे. जिभेची कड आणि मानेतल्या गाठी ऑपरेशनने काढू. जखम भरली की खाचेतल्याला किरणं, आणि सोबत सलाइनमधून औषध. आवाजाची पेटी वाचवायचीय, म्हणून तिथे कापायचं नाही. सोपं जाणार नाही. पक्कं वचन देत नाही. पण दोन्हींवर उपाय आहे, आणि तो एकत्र आखता येतोय.”

पिपाणी एका टिंबाकडून दुसऱ्याकडे बघत होती आणि तिच्या तोंडातून शब्द येत नव्हता. मामाने ते बघितलं. ती दाराआड उभी राहायची तेव्हा तिचा चेहरा असाच असायचा.

“म्हणजे ही सिंगल खुर्ची नाही,” तो तिला म्हणाला. “टू-सीटर निघाला.”

ती हसली, आणि मग लगेच नाक पुसलं.

“तुम्हाला काही विचारायचंय?” डॉक्टरांनी विचारलं.

मामाने बराच विचार केला. “जिभेने खिळा वळवता येईल का नंतर?”

“कसला खिळा?”

“वाटी आहे त्याला,” ताई म्हणाली. “वाटीतून घेईल.”

*

ऑपरेशननंतर मामाची जीभ फुगून तोंडभर झाली. नाकात अन्नाची नळी, मानेला टाके, बोलायची मनाई. नर्सने पाटी आणि खडू आणून दिला आणि बजावलं, काही लागलं तर लिहा. मामाने पाटी उशीजवळ ठेवून दिली. हं म्हणायला जीभ लागत नाही, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक असणार. सगळा वॉर्ड शब्दांसाठी खाणाखुणा करत होता आणि मामा आपल्या मातृभाषेत निवांत होता.

“दुखतंय का?” नर्सने विचारलं.

“हंऽऽ.” लांबवलेलं, खाली उतरणारं.

नर्सने ताईकडे बघितलं. ताईने हात वर केले. “मी नाही सांगणार. एकदा सांगून बसलेय.”

नर्सने पिपाणीकडे बघितलं. पिपाणीने छताकडे.

मग मामाने हात लांब करून पाटी घेतली आणि लिहिलं: दुखतंय. उजवीकडे. कानापर्यंत. नर्स औषध आणायला गेली तेव्हा त्याने त्याखाली आणखी एक ओळ लिहिली आणि पाटी भाचीकडे वळवली: ही गादी कुणी शिवलीय, त्याला सांग माझ्याकडे यायला.

पिपाणीने ते मोठ्याने वाचलं, आणि तिथून जी सुटली ती थांबेना. पार्लरवालीचा सोफा, त्यावरच्या बायका आता सगळ्या डावीकडेच बसतात, कारण नवी स्प्रिंग तिकडे आहे. शाळेत पुढचा वादविवाद. मामाच्या वाटीत ताईने चुकून बटणं ठेवली. मामा डोळे मिटून ऐकत राहिला, आणि बऱ्याच वेळाने त्याच्या नाकातून एक हं आलं, शेवटी वर चढणारं.

“चहा?” पिपाणी म्हणाली. “तुला कसा देणार? नळीतून चव थोडीच कळते.”

मामाने पुन्हा तेच हं काढलं. जरा जास्त वर.

ती कॅंटीनमधून एक कप घेऊन आली, त्याच्या उशीजवळ, डाव्या बाजूला स्टूल ओढून बसली, आणि एक घोट घेतला.

“साखर कमी आहे,” ती म्हणाली. “आलं आहे, पण नावापुरतं. वर साय आलीय, ती तुला आवडत नाही.” दुसरा घोट. “आता खरंच चहाचं ऐक.”

मामाने मान सरळ ठेवली आणि ऐकलं.